वाघाला चार तास, कैलासाला पाऊण तास

पडेगावात राहणाऱ्याला पर्यटन पाहायला कुठे जावं लागत नाही, ते रोज घरासमोरून जातं. छावणी ओलांडून वेरूळकडे निघालेल्या आराम बस, टेम्पो ट्रॅव्हलर आणि टॅक्सी सकाळी नऊच्या सुमारास मिटमिट्याच्या दिशेने जातात, दौलताबादच्या घाटातल्या जुन्या दरवाजापाशी अडकतात, भद्रा मारुतीला हात जोडतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, लेणी पाहतात आणि दुपार कलली की परत फिरतात, कारण अंधार पडायच्या आत मकबरा आणि पाणचक्की उरकायची असते. अशा दिवसात कैलास लेण्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. गर्दी असली तर तिकिटाच्या रांगेचा वेळही त्यातूनच वजा होतो.

आता दुसऱ्या एका सहलीचा कागद बघा. ‘प्राचीन मंदिरं आणि जंगलातला वाघ’ ही जोडी सहलींच्या जाहिरातींत हल्ली चांगली खपते. खजुराहो, पन्ना, बांधवगड असा एक मार्ग. ताडोबा, भद्रावती, मार्कंडा असा दुसरा, आपल्या विदर्भातला. या कागदावर वाघासाठी दोन-तीन सफारी असतात, एकेक साधारण चार तासांची. पहाटे चारला उठायचं, अंधारात गेटवर ओळखपत्रं दाखवायची, उघड्या जिप्सीत कुडकुडत बसायचं. चार तासांत चितळं, मोर, एखादा गवा आणि धुळीतले पंजाचे ठसे एवढंच हाती लागलं, तरी कुरकुर न करता दुपारी पुन्हा जायचं. मंदिरं मात्र नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये कुठेतरी बसवलेली असतात, आणि वैनगंगेकाठचं मार्कंडा तर चहाच्या थांब्यासारखं. जो दिसेल की नाही याची कुणालाच खात्री नाही त्याला बारा तास, आणि जे हजार वर्षं जागचं हललेलं नाही त्याला घाईघाई. ही वाटणी उलटी आहे असं माझं म्हणणं आहे. ती कशी उलटली हे पाहिलं, तर समूह सहलीवर नेहमी होणारी टीका भलत्याच ठिकाणी बसते हेही लक्षात येतं.

त्या टीकेचंच आधी बघू. एकसारख्या टोप्या, झेंडा घेऊन पुढे चालणारा टूर मॅनेजर, बसमधली अंताक्षरी, परमुलखात मिळवलेला आमटी-भात, या सगळ्याची टिंगल करणं सोपं आहे. पण टिंगल करणारा बहुधा पुरुष असतो, तरुण असतो, आणि त्याला अनोळखी गावात रात्री अकराला उतरायची भीती वाटत नाही. आमच्या भागातल्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहिलेल्या बायका, गुडघे दुखणारे पेन्शनर यांना विचारा. सामान उचलायला कुणीतरी असणं, औषधाच्या वेळी पाणी मिळणं, आजारी पडल्यावर मराठीत सांगता येणं, यावर त्यांचं जग पाहणं अवलंबून असतं. केसरी पाटलांनी १९८४ मध्ये सहल कंपनी काढली, वीणा पाटलांनी २०१३ मध्ये आपली वेगळी. अशा कंपन्यांनी फक्त बायकांसाठी सहली काढायला सुरुवात केली, तेव्हा घराबाहेर पडायला नवऱ्याच्या रजेची वाट न पाहणारी मराठी बाई तयार झाली. त्याची दखल आपल्या समाजशास्त्राने घेतली पाहिजे तितकी घेतलेली नाही.

शिवाय जथ्याने जाणं आपल्याकडे नवीन कुठे आहे? काशीयात्रा कुणी एकट्याने करत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. त्या वाटेवर एकटा ब्राह्मण किती दिवस टिकला असता? इंग्लंडात थॉमस कुकने १८४१ साली काढलेली पहिली सहलसुद्धा दारूबंदीच्या सभेला निघालेल्या माणसांची होती, आगगाडीने, लेस्टरहून लफबरोला. ओळखीच्या माणसांच्या आधाराने अनोळखी जागी जाणं ही माणसाची जुनी युक्ती आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा दोष जथ्याचा नाही. चाळीस माणसं एका बसने निघाली म्हणून कैलासाचं काही बिघडत नाही. तीच चाळीस माणसं एकाच वेळी, एकाच गाइडमागे, एकाच ठिकाणी उभी केली की बिघडतं. आणि जंगलात असं कुणी करत नाही, करू दिलं जात नाही.

ताडोबाच्या गेटवर बसमधून उतरलेल्या चाळीस जणांचे जंगल सहा-सहाचे तुकडे करतं. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाइड, आणि गाइड घ्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर नसतं. किती गाड्या आत जाणार हे आधी ठरलेलं. मोबाइल बाहेर ठेवायचा, गाडीतून उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. मंगळवारी जंगल बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. एरवी देवळाच्या रांगेत धक्काबुक्की करणारा माणूस इथे श्वास रोखून बसतो. गाइड बहुधा आसपासच्या गावातला असतो. वानर खाकरलं तर तो गाडी थांबवतो, सांबराचा कॉल कुठून आला ते ऐकतो, ठसा ताजा की रात्रीचा ते सांगतो. वाघ दिसला नाही तरी सहा जणांना ऐकायचं कसं, थांबायचं कसं हे थोडंफार कळतं. सफारी ही खरं म्हणजे वाट पाहण्याची शिकवणी आहे, आणि ती देणारा मास्तर प्रत्येक गाडीत बसलेला असतो.

आता वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या, म्हणजे कैलास लेण्यात या. गाइड ऐच्छिक. मोठ्या गटाने केला तर एकच, आणि त्याचा आवाज मागच्या दहा जणांपर्यंत पोहोचत नाही. तो बिचारा पाऊण तासात काय सांगणार? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, वरून खाली खोदत आणलेलं एकसंध देऊळ, अंदाजे दोन लाख टन दगड काढला, ‘चला, आता फोटो काढून घ्या’. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही तिथे उभं न राहता वाचता येतं. तिथे उभं राहूनच कळतं ते निराळं आहे. २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद अंगणात ऊन सरकतं तसतशी भिंतींवरची शिल्पं एकामागून एक उघडतात आणि मिटतात. कैलास हलवणारा रावण सावलीत असताना नुसता दगडाचा ढीग वाटतो. उजेड तिरपा आला की त्याचे हात मोजता येतात, वर घाबरून शिवाला बिलगलेली पार्वती दिसते, पळणारी दासी दिसते. एका बाजूच्या भिंतीवर रामायणाचे पट्टे आहेत, दुसऱ्या बाजूला महाभारताचे. ते पुस्तकासारखे ओळीओळीने वाचावे लागतात, आणि वाचायला लहान मुलालाही मजा येते, पण त्याला अर्धा तास तिथेच लागतो. देवळावर एकेकाळी पांढरा गिलावा आणि रंग होता, त्याचे तुकडे अजून वळचणीला चिकटलेले आहेत. ते कुणी बोट करून दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. आणि बाजूच्या डोंगरावर चढून वरून पाहिलं तर मंडपाच्या छपरावर कोरलेलं कमळ आणि त्यावरचे चार सिंह दिसतात. कारागीर तिथूनच खाली उतरत गेले होते. पाऊण तासाच्या सहलीतलं कुणी वर चढत नाही.

यावर टूर मॅनेजरचं उत्तर तयार असतं, ‘लेणी काय कुठे पळून जातात?’ वाघ निसटतो, म्हणून त्याला वेळ. लेणं जागच्या जागी आहे, म्हणून त्याची घाई केली तरी चालते. ऐकायला बरोबर वाटतं. पण पळून जाणारा इथे आपण असतो. कोल्हापूरहून किंवा नागपूरहून आलेला पासष्ट वर्षांचा माणूस वेरूळला पुन्हा येण्याची शक्यता फारशी नसते. त्याच्या हिशेबाने कैलास पाऊण तासासाठी प्रकट होतो आणि कायमचा नाहीसा होतो, वाघाइतकाच. अजिंठ्याचे रंग तर खरोखरच चाललेत. तिथे फ्लॅशला बंदी आहे, आत मंद दिवे आहेत, खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात. ही काळजी कुणी टिकून राहणाऱ्या गोष्टीची घेत नाही.

वडोदऱ्याला सापडलेल्या कर्कराजाच्या इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वेरूळच्या या देवळाचं वर्णन आहे. देव विमानातून जाताना ते पाहून थक्क झाले आणि ते घडवणाराही, आपल्या हातून हे झालं कसं, म्हणून चकित झाला, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. देऊळ तेव्हा फार तर पन्नास-साठ वर्षांचं. ज्याने कित्येक वर्षं छिन्नी चालवली त्याला ते पाहून पुरलं नव्हतं, मग आपलं पंचेचाळीस मिनिटांत कसं पुरतं?

ठरल्या वेळात सगळं हमखास दाखवायची, म्हणजे शाश्वती विकायची, ही सवय जंगलातही शिरली आहे, आणि तिथे ती जास्त महाग पडते. सफारीवरून परतणाऱ्याला पहिला प्रश्न ‘सायटिंग झालं का?’ हाच असतो. झालं तर गाइडला चार पैसे जास्त, नाही तर तोंड वाकडं. मग एका गाडीला वाघ दिसला की वायरलेस नसतानाही बातमी पसरते आणि दहा गाड्या एका वळणावर गोळा होतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. तिची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चालक-गाइडांवर कारवाई झाली. ते योग्यच होतं, पण त्या गाड्यांत बसलेल्यांनी, म्हणजे वर्षअखेरीची सुट्टी घालवायला आलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी, ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हटलं नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे.

सरिस्का आणि पन्ना यांची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५ पर्यंत उघड झालं, पन्नातले २००९ पर्यंत. पर्यटकांची वर्दळ वाघ असण्याची हमी नसते, एवढं तरी त्यातून कळावं. नंतर पन्नात वाघ बाहेरून आणले. नोव्हेंबर २००९ मध्ये पेंचहून आणलेला टी-३ नावाचा नर थोड्याच दिवसांत जंगल सोडून दक्षिणेला, पेंचच्या दिशेने चालू लागला. वनखात्याने जवळजवळ महिनाभर त्याचा माग काढला आणि डिसेंबरात त्याला बेशुद्ध करून परत आणलं. २०१० मध्ये तिथे बछडे जन्मले. मंदिर-वाघ सहलीतला आजचा पन्नाचा वाघ या खटाटोपातून आलेला आहे. आणि २५ डिसेंबर २०२४ ला खजुराहोत, त्या देवळांच्याच गावात, केन-बेतवा जोड प्रकल्पाची कोनशिला बसली. त्यातल्या दौधन धरणाच्या पाण्याखाली पन्नाच्या जंगलाचा भाग जाणार आहे. सहलीतल्या गाइडने एवढं जरी सांगितलं तरी देऊळ आणि वाघ हे दोन वेगळे ‘पॉइंट’ राहत नाहीत.

ते वेगळे मुळात नव्हतेच. ताडोबाच्या तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गोंड प्रमुख देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा, आणि जंगलाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. बांधवगडात किल्ल्याच्या वाटेवर दगडात कोरलेला शेषशायी विष्णू वाघाच्या पाणवठ्यापासून लांब नाही. कुमाऊंतल्या दाबीधुऱ्याच्या देवळाजवळचा वाघ जिम कॉर्बेटला कधीच मारता आला नाही. पुजाऱ्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हा वाघ तुमच्याच्याने काय, कुणाच्याच्याने मारला जाणार नाही. १९५४ च्या ‘द टेम्पल टायगर’ या पुस्तकाचं नाव त्याच वाघावरून आलं. या शेजाराला काळी बाजूही आहे. रणथंभोरच्या किल्ल्यातल्या त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनाहून परतताना एप्रिल २०२५ मध्ये सात वर्षांचा मुलगा वाघाच्या हल्ल्यात गेला. वाघाच्या घरात देव आणि देवाच्या वाटेवर वाघ, हे जाहिरातीत गोंडस दिसतं. मोहाची फुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या चंद्रपूरकडच्या बाईला त्यातलं काहीही गोंडस वाटत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, याचा आनंद आपण घेतो आणि धोका ती घेते. सहलीच्या पैशातलं तिच्या गावापर्यंत किती पोहोचतं, हा प्रश्न सफारी बुक करताना कुणी विचारत नाही. मीही विचारलेला नाही.

मराठवाड्यातून ताडोबाला जाताना हल्ली जालन्याहून समृद्धी महामार्ग धरतात. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांजवळून हा रस्ता जातो, म्हणून जनावरांसाठी खालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत. बस चहासकट आठ-दहा तासांत पोहोचते. उलट्या दिशेने एक वाघ पायी आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण नर, लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरांच्या आसपास चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आणि मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ आपल्या जिल्ह्यात, कन्नडजवळच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याची ओळख पट्ट्यांवरून पटली. कित्येक दशकांत इथे वाघाची नोंद नव्हती. तो कुठल्याही जिप्सीला दिसला नाही. एका झाडाला बांधलेल्या यंत्राने त्याला पाहिलं, एवढंच.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत वाघ आणि लेणी यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ शिकारी टोळी घेऊन वाघाच्या मागे निघाला आणि वाघूर नदीच्या पलीकडल्या कड्यात त्याला चैत्याची कमान दिसली. गावकऱ्यांना ती लेणी ठाऊकच होती, पण पुस्तकांत मान स्मिथला मिळाला. दहा क्रमांकाच्या लेण्यात शिरून त्याने पहिलं काम केलं ते चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरण्याचं. आपल्या जिल्ह्यातली ‘मंदिरं आणि वाघ’ सहल ती हीच, आणि आजच्या सहलींची लक्षणं तिच्यात सगळी आहेत.

तेव्हा शहरातल्या सहल कंपन्यांना आणि वनखात्याला माझं एक सुचवणं आहे. हमखास वाघ ज्यांना हवा त्यांच्यासाठी शहरातल्या सिद्धार्थ उद्यानाचं प्राणिसंग्रहालय आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही जोडी गेली ती इथूनच. पुढे महापालिकेचं मिटमिट्याचं सफारी पार्क उभं राहिलं तर पडेगावपासून दहा मिनिटांवर शाश्वतीचा वाघ मिळेल. मला त्यात कमीपणा दिसत नाही. लहान मुलांनी वाघ जवळून पाहावा, आणि शाश्वतीची सगळी भूक तिथेच भागावी, म्हणजे जंगलावरचा तेवढा ताण तरी हटेल.

आणि गौताळा? पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगरात आहेत, इसवी सनापूर्वीची, झरत आणि झिजत चाललेली. शेकडो पायऱ्या उतरून, ओढा ओलांडून त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं. कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेला, हातावर आपलं नाव कोरलेला तिथला बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अभयारण्याच्या पलीकडच्या उतारावर, चाळीसगावच्या बाजूला, पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. वाघाच्या वाटेवर गणिताची पाठशाळा! पडेगावहून पितळखोरं ऐंशीएक किलोमीटर. तिकडे जाणारी पर्यटक बस मी आमच्या रस्त्यावर पाहिलेली नाही.

चाळीस जणांची बस कन्नडपर्यंत न्या, पुढे ताडोबासारखे सहा-सहाचे गट करा, प्रत्येक गटाला गावातला एक गाइड सक्तीचा, मोबाइल बसमध्ये. कागदावर स्पष्ट छापा की वाघ दिसणार नाही. जंगल त्याचं आहे आणि तो तिथे असेल किंवा नसेलही. पितळखोऱ्याला चार तास. वानर खाकरल्यावर थांबवतात तसंच गाइडने झिजलेल्या हत्तींच्या ओळीसमोर थांबवायचं. पन्नास जण एका दिवशी पायऱ्या उतरले की पुढचे परत पाठवायचे, नाहीतर आपण पितळखोऱ्याचंही वेरूळ करू. गुडघेदुखीवाल्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी पाटणादेवी आहे, तिथपर्यंत गाडी जाते. अशी सहल खपेल का? सगळ्यांना नाही. पण पहाटे चारला उठून बारा तास रिकामं जंगल पाहायला पैसे मोजणारी माणसं आपल्याकडे हजारोंनी आहेत, हे ताडोबाने सिद्ध केलेलं आहे. वाट पाहण्याची तयारी त्यांच्यात आहेच, फक्त ती लेण्यांच्या दारापर्यंत आणायची आहे.

दिवस कोणता, याचीही सोय आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी मकबऱ्यासमोर तीन तास घालवत, ‘आता काय दाखवायचं’ म्हणून फोन लावत बसलेले टूर मॅनेजर शहरात दर आठवड्याला भेटतात. त्यांनी मंगळवारी सकाळी सहाला गाडी कन्नडच्या रस्त्याला लावावी.